पिकअपच्या बॉनेटला जादा कडी : कशी बसवावी, कशी बसवू नये

२०२४ च्या रमजानमध्ये, ईदला पंधरा-सोळा दिवस राहिले असताना, आमच्या भाच्याची पिकअप जालन्याहून ईदचा माल भरून निघाली. ड्रेस मटेरियल, लहान मुलांचे तयार कपडे, लुंग्या आणि थोडे अस्तराचे ताके. अर्धा माल उधारीचा. समृद्धी महामार्गावरून मेहकरला उतरून हिवरा आश्रमच्या रस्त्याला लागेपर्यंत असरची नमाज होऊन गेली होती, आणि इफ्तारला घर गाठायची घाई होती. बॉनेट महामार्गावरच थरथरत होते, हे भाच्याने पाहिले होते. पाहून तो पुढे निघाला. साध्या रस्त्यावर समोरून भरधाव ट्रक आला, त्याच्या हवेचा धक्का बसला आणि बॉनेट उघडून सरळ काचेवर आदळले. काचेला जाळे पडले, समोर फक्त काळा पत्रा. डाव्या बाजूला मोटारसायकलवर नवरा-बायको आणि मध्ये एक लेकरू होते, हे त्याला गाडी थांबल्यावर कळले. मोटारसायकल आणि गाडी यांच्यात हातभराचे अंतर राहिले होते.

“मामू, कुछ दिखाच नहीं,” एवढेच तो त्या रात्री बोलत होता.

माल शाबूत होता. काच बदलली, बॉनेट ठोकून सरळ केले. पण कारण शोधायला बसलो तेव्हा कळले की तीन महिन्यांपूर्वी बाजारात एका हातगाडीला पुढून हलका धक्का लागला होता, त्यात लॉकची पट्टी किंचित वाकली होती. एका मिस्त्रीने ती हातोडीने ठोकली, केबल अडकत होती म्हणून तारेचा तुकडा बांधून दिला आणि ‘चालते’ म्हणाला. चाललीही, तीन महिने. उंट बांधण्याची हदीस लहानपणी आपण सर्वांनीच ऐकलेली आहे. बॉनेटही त्याच हिशेबात येते.

आमच्या भागात कपडा, भांडी, मिरची-मसाला, चप्पल-बूट असा आठवडी बाजाराचा धंदा करणारे पुष्कळ बांधव आहेत, आणि त्यातील बहुतेकांचा माल पिकअपवर चालतो. म्हणून या पानावर कापडाचे भाव सोडून या वेळी बॉनेटच्या कडीविषयी लिहीत आहोत. आम्ही मिस्त्री नाही, कापडवाले आहोत. पण भाच्याच्या गाडीला जादा कड्या बसवताना आम्ही दोन दिवस गॅरेजमध्ये बसून होतो, पुढे आणखी काही गाड्यांचे काम जवळून पाहिले आणि जाणत्या कारागिरांना विचारून घेतले. जे कळले ते असे.

प्रथम कंपनीचे लॉक कसे चालते ते समजून घेतले पाहिजे. बॉनेटच्या खालच्या बाजूला एक आकडा किंवा जाड खिळा असतो. रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर लॉकचा जबडा असतो. बॉनेट दाबले की आकडा जबड्यात शिरतो आणि स्प्रिंगच्या जोराने जबडा त्याला धरून ठेवतो. ड्रायव्हरच्या पायाजवळचा खटका ओढला की केबल जबडा उघडते आणि बॉनेट इंचभर वर उचलले जाते. येथे दुसरा पहारेकरी असतो. पुढून बोट घालून जो लहान हुक सरकवावा लागतो, तो. पहिले लॉक चुकून सुटले तरी या हुकाने बॉनेट इंचभरावरच अडवायचे असते. अमेरिकेत समोरून उघडणाऱ्या बॉनेटला अशी दुसरी अडकण असलीच पाहिजे असा नियम १९६९ पासून आहे. आपल्याकडील गाड्यांतही ती असते. पण धूळ, चिखल आणि सुकलेले ग्रीस यांनी हाच हुक सर्वात आधी जाम होतो, कारण त्याच्याकडे कोणी पाहतच नाही. भाच्याच्या गाडीत तो वर उचललेल्या अवस्थेतच अडकून बसला होता.

वाऱ्याचा जोर किती असतो याचा अंदाज आपल्याला नसतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरला उभ्या पत्र्यावर दर चौरस मीटरला साधारण साडेसात किलोचा दाब येतो, ८० ला तो ३० किलोच्या आसपास जातो. समोरून वारा किंवा ट्रकचा झोत आला आणि मिळून वेग १०० सारखा झाला की ४५ किलोच्या वर. गावातल्या रस्त्यावर जे लॉक वर्षभर ‘चालते’, ते समृद्धीवर एका तासात उघडे पडते. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूपर्यंत सगळा रस्ता खुला झाला, तेव्हापासून आमच्याकडील जुन्या पिकअपही तासन्‌तास एकाच वेगाने पळू लागल्या आहेत. त्या गाड्यांची लॉके मात्र खड्ड्यांच्या रस्त्यावर झिजलेलीच आहेत.

आता महत्त्वाची गोष्ट. जादा कडी ही बिघडलेल्या लॉकवरचा इलाज नव्हे. आधी मूळ लॉक दुरुस्त करावे, मगच कडीचा विचार. लॉक तपासण्याची सोपी रीत अशी की बॉनेट उघडे असताना पेचकसाने जबडा खाली दाबून बंद करावा, जणू आकडा आत शिरला आहे. ‘खट’ असा आवाज येऊन तो घट्ट बसला पाहिजे. मग आतला खटका ओढावा, जबडा एका झटक्यात उघडला पाहिजे आणि खटका सोडताच केबल आपोआप मागे गेली पाहिजे. केबल सुस्त असेल तर जबडा पुरता मिटत नाही, आणि हाच तो धोका. (पेचकसाने बंद केलेला जबडा उघडल्याशिवाय बॉनेट आपटू नये, नाहीतर आकडा आणि लॉक दोन्ही वाकतील.) रॉकेल किंवा डिझेलने जुने ग्रीस धुऊन नवे लावावे, लॉकचे बोल्ट आवळावे, मागच्या बिजागऱ्यांत खेळ आहे का पाहावे. बॉनेट ज्या रबरी गुट्ट्यांवर टेकते त्या कडक झाल्या असतील तर बदलाव्यात. गुट्टी गेली की बॉनेट सारखे आपटत राहते, आणि तेच लॉक खाते. केबल तुटत आली असेल तर नवी घ्यावी. तार बांधू नये.

एवढे झाल्यावर जादा कड्या. त्या बाजारात मुख्यतः तीन जातीच्या मिळतात.

पहिली रबरी. जुन्या जीपच्या बॉनेटला दोन्ही बाजूंनी बाहेरून कड्या असत, हे पन्नाशीच्या वाचकांना आठवत असेल. त्या आकड्यांची सुधारलेली बहीण म्हणजे ही रबरी कडी. खालची पट्टी मडगार्डवर, वरची टाच बॉनेटवर, मध्ये जाड रबर, ते ताणून टाचेत अडकवायचे. रबर हादरे पिऊन टाकते, म्हणून खडखडाट नाही. दोष एकच, आपल्या वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात रबराला तडे जातात. वर्षातून एकदा वाकवून पाहावे, तडा दिसला की बदलावे.

जीपचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९४५ साली पोलादाचा व्यापार करण्यासाठी निघालेल्या ज्या कंपनीने पुढे मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, तिचे पहिले नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ असे होते. त्यातील भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये नाव बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. ‘एम अँड एम’ ही अक्षरे तीच राहिली. असो.

दुसरी जात लोखंडी किंवा स्टीलची, पत्र्याच्या ट्रंकेला असते तशा खटक्याची. हिची खुबी समजून घेण्यासारखी आहे. दांडी दाबून बंद करताना मध्यावर जोर लागतो आणि मध्य ओलांडला की ती स्वतःच खाली ओढली जाते. म्हणजे बॉनेट वर जायला जितका जोर करील, तितकी दांडी अधिक घट्ट मिटते. हादऱ्याने ती सहसा उघडत नाही. हिच्यात कुलूप घालण्यासाठी भोक असते, आणि बाजारात उभ्या गाडीतून बॅटरी चोरीला गेलेल्यांना तेवढ्यासाठीच ही आवडते.

तिसरी जात पिनेची. रेडिएटरच्या आडव्या पट्टीवर दोन उभे बोल्ट, ते बॉनेटच्या छिद्रातून वर येतात, वर चकती आणि आडवी क्लिप. ताकदीला ही सर्वात भारी, पण काम नाजूक. छिद्र दोन सूत चुकले तर बॉनेट बसत नाही. सूत म्हणजे आमच्या धंद्यात धागा, मिस्त्रीच्या धंद्यात इंचाचा आठवा हिस्सा. पहिल्या दिवशी गॅरेजमध्ये ‘दोन सूत सरकव’ ऐकून आम्ही उगाच दोऱ्याची रीळ शोधत होतो.

आमच्या मते मालवाहू पिकअपला दुसऱ्या जातीची कडी, दोन्ही बाजूंना एकेक, पुढच्या टोकाजवळ, ही निवड बरी. ज्या गाडीत बॉनेटची कड आणि मडगार्ड यांच्यात कडी सरळ बसण्याइतकी सपाट जागा नाही, तेथे पिन. एकाच बाजूला कडी कधीही लावू नये. वाऱ्यात बॉनेट एका कोपऱ्यावर पिळले जाते आणि त्या बाजूची बिजागरी उखडते.

बसवण्याचे काम गाडी सपाट जागी, इंजिन थंड असताना. बॅटरीची वजा बाजूची तार काढून ठेवावी. ज्या जागी छिद्र पाडायचे तिच्या पाठीमागे काय आहे ते हाताने चाचपून पाहावे : दिव्यांच्या तारा, हॉर्नची तार, काच धुण्याच्या पाण्याची बाटली, एखादी नळी. ड्रिल पत्रा फाडून पुढे कोठे जाते ते बाहेरून दिसत नाही. तारांचा जुडगा असेल तर जागा बदलावी.

मग फर्मा. शिलाईवाला कापड कापण्याआधी कागद कापतो तसेच येथे. ताक्याच्या आतला पुठ्ठा घेऊन कडीच्या तळाचा आकार कापला, छिद्रे पाडली आणि बॉनेट बंद करून दोन्ही बाजूंना लावून पाहिला. बॉनेट बंद असतानाच खूण करायची, उघडे असताना नाही. मोजमाप काचेच्या कडेपासून दोन्ही बाजूंना सारखे घ्यावे, दिव्यापासून घेऊ नये. ठोकर खाल्लेल्या गाडीचे दिवे एका रेषेत नसतात. खुणेवर कागदी चिकटपट्टी लावली की ड्रिल घसरत नाही आणि रंग उडत नाही. पंचाने टिंब मारावे, आधी ३ मिलिमीटरचे बारीक छिद्र, मग ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी साडेसहाचे. बॉनेटच्या खाली लाकडाचा ठोकळा धरावा, म्हणजे ड्रिल आत घुसून रेडिएटरला लागणार नाही.

पिनेच्या जातीत छिद्राची जागा शोधायची युक्ती निराळी. बोल्टच्या टोकाला ग्रीस लावून बॉनेट हळू खाली टेकवायचे. आतल्या पत्र्यावर जेथे डाग पडेल तेथून बारीक छिद्र वरच्या पत्र्यापर्यंत न्यायचे. बॉनेट दुपदरी असते हे विसरू नये. बोल्ट दोन्ही पदरांतून सरळ आला पाहिजे, आणि बॉनेट वर-खाली होताना कडेला घासता कामा नये, म्हणून मोठे छिद्र कानशीने थोडे लांबट करावे लागते.

छिद्र पडल्यावर बहुतेक मुले लगेच बोल्ट घालतात. येथेच काम बिघडते. छिद्राची धार गोल कानशीने मोडून घ्यावी, लोखंडाचा भुसा ब्रशने पूर्ण काढावा, नाहीतर पहिल्या पावसात त्याचेच गंजाचे डाग पडतात. उघड्या पत्र्याला रेड ऑक्साइड आणि वर रंग लावून सुकू द्यावा. आम्ही एक रात्र थांबलो. ड्रायव्हर कुरकुरला, पण आता दोन पावसाळे गेले आणि छिद्राभोवती गंज नाही.

पाठीमागे पट्टी घालणे ही सर्वात जरुरीची गोष्ट. बॉनेटचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. मलमलीवर बटण लावताना शिलाईवाला मागे चिंधी धरतो, नाहीतर बटण ओढताच कापड फाटते. पत्र्याचेही तसेच. कडीच्या तळाएवढी किंवा थोडी मोठी, २ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी मागे द्यावी, कोपरे घासून गोल करावेत आणि बोल्ट त्या पट्टीतून काढून नायलॉनचा कडा असलेला नट लावावा. साधा नट हादऱ्याने सुटतो. कडी आणि पत्रा यांच्यामध्ये रबराचा पातळ तुकडा, जुन्या ट्यूबचा चालतो. काही गॅरेजमध्ये वेळ वाचवण्यासाठी पॉप रिव्हेट किंवा पत्र्यात थेट फिरवायचे स्क्रू मारतात. ते दिसायला कडी, कामाला शोभा. गॅरेजवाल्या बांधवांना विनंती की एवढी कंजूसी करू नये. पट्टीला आणि नटांना लागणारा खर्च चहापाण्याचा आहे, आणि त्या गाडीसमोर उद्या आपलेच कोणी असेल.

कडी किती घट्ट असावी? आधी बॉनेट मूळ लॉकवर पूर्ण बंद करावे, त्याचा आवाज ऐकावा, मगच बाहेरच्या कड्या लावाव्यात. अंगठ्याच्या जोराने दांडी मिटली पाहिजे. तळहाताने ठोकावे लागले तर फार घट्ट. तेव्हा पत्रा त्या जागी दबतो, बॉनेट वाकते आणि मूळ लॉक तिरके ओढले जाऊन तेच बिघडते. अगदी हलकी बसली तर खडखडते. कडीच्या आकड्याला पेच असेल तर अर्धा-अर्धा फेरा फिरवून दोन्ही बाजू सारख्या कराव्यात. मग पुढच्या कडेला हात घालून जोराने उचलून पाहावे. गावातच दहा-पंधरा किलोमीटर चालवून पुन्हा पाहावे आणि शंभरेक किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा आवळावेत.

एक धोका जादा कडीनेच निर्माण होतो. कड्या लागलेल्या दिसल्या की ड्रायव्हर मूळ लॉक बसले की नाही ते पाहत नाही. म्हणून भाच्याला आम्ही क्रम लावून दिला आहे : आधी लॉकचा आवाज, मग डावी कडी, मग उजवी, मगच चावी. कुलपाचेही तसेच. बॅटरीसाठी कुलूप लावले तर त्याची किल्ली गाडीच्या किल्लीच्याच कडीत असावी, घरच्या जुडग्यात नको. इंजिनमधून धूर निघाला आणि किल्ली घरी, असे झाले तर माल हातचा गेला. आणि धूर दिसताच बॉनेट सताड उघडू नये, हवा मिळून आग भडकते. आधी इंजिन बंद करून बाहेर पडावे.

चालत्या गाडीत बॉनेट उघडलेच तर करकचून ब्रेक मारू नये, मागचा येऊन धडकेल. पाय उचलावा, चारही इंडिकेटर लावावेत, बॉनेट आणि काचेच्या मधल्या खालच्या फटीतून किंवा बाजूच्या खिडकीतून पाहत डावीकडे घ्यावे. ही फट प्रत्येक गाडीत सारखी नसते. आपल्या गाडीत ती किती आहे ते एकदा घरी उभ्या गाडीत बॉनेट उघडून सीटवर बसून पाहून ठेवावे.

कायद्याचे दोन शब्द. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि पुढे लावायच्या लोखंडी गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये याच कलमाखाली कारवाई करण्यास राज्यांना सांगितले. मूळ लॉक जागेवर ठेवून लावलेली लहान कडी ही त्या गार्डसारखी गोष्ट नव्हे, तरी मूळ लॉक काढून केवळ पिनेवर गाडी चालवणे आम्ही योग्य मानत नाही. पुढे टोक निघालेली कडी नको, माणसाला लागते. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. कड्या बसवण्यापूर्वी तेथील निरीक्षकांना आणि विमा एजंटला विचारून घ्यावे, बिल जपून ठेवावे. गाडी वॉरंटीत असेल तर छिद्र पाडूच नये, लॉक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बदलून घ्यावे.

ज्यांच्याकडे ‘छोटा हत्ती’ आहे ते विचारतील की आमचे काय. २००५ मध्ये आलेल्या त्या गाडीचे इंजिन बैठकीखाली आहे, समोर उघडणारे मोठे बॉनेट नाही, तेव्हा त्यांना ही कडी लागत नाही. त्यांनी मागच्या फाळक्याच्या कड्या पाहाव्यात. तेथे हीच ट्रंकेची कडी, हीच मागची पट्टी आणि हेच नट लागतात. बाजारातून परतताना फाळका सुटून ताके रस्त्यावर सांडल्याची तक्रार आम्ही बॉनेटपेक्षा अधिक वेळा ऐकली आहे. त्याविषयी पुढच्या वेळी लिहू.

भाच्याच्या गाडीत आता डॅशबोर्डच्या कप्प्यात दोन जादा नट, एक कडीचा आकडा आणि सहा हात नायलॉनची दोरी असते. दोरी त्याने स्वतः ठेवली आहे.